बटण दाबलं... आणि काहीच झालं नाही!

वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रिक कारच्या प्रेमात पडणं एकदम सोप्पं. पण घरी आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो प्लगचा! रामदासपेठ ते वर्धा, व्हाया फुटाळा... एका होऊ घातलेल्या कारमालकिणीचा हा रोखठोक रिपोर्ट.

मे महिन्यातली दुपार. तीही नागपूरची. म्हणजे पुढचं काही सांगायलाच नको! तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल अशा आमच्या 'नॅशनल ड्रेस'मध्ये स्कूटी पार्क करून मी शोरूममध्ये शिरले. गेली सहा वर्षं मी फ्रीलान्सिंग करतेय. चेक उशिरा येतात, पण येतात. यंदा ठरवलं होतं, आता पुरे झाला हा उन्हातला डान्स. आता चार चाकं पाहिजेत, आणि वर एसी.

पेट्रोलवाल्या तीन गाड्या आधीच पाहून झाल्या होत्या. इलेक्ट्रिकची टेस्ट ड्राइव्ह मी खरं तर टाइमपास म्हणून मागितली. "घेऊन तर पाहा मॅडम," म्हणत सेल्समन मुलानं टियागो ईव्ही समोर आणून उभी केली. आणली कधी ते कळलंच नाही. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, मान वर केली तर गाडी दोन फुटांवर!

आत बसले. ब्रेकवर पाय, बटण दाबलं... आणि काहीच झालं नाही. घरघर नाही, थरथर नाही. फक्त डॅशबोर्डवर एक छोटंसं 'रेडी'. मी पुन्हा दाबलं. 'रेडी' गेलं. "मॅडम, चालू होती, तुम्ही बंद केली," मुलगा म्हणाला. बाय द वे, हा घोळ पहिल्यांदा बसणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून होतो म्हणे.

फुटाळ्यापर्यंत फुल टू प्रेम

क्लच नाही, गिअर नाही. मध्ये एक गोल नॉब. पुढे जायला 'डी', मागे यायला 'आर', आणि अंगात आलं की 'एस', म्हणजे स्पोर्ट. लॉ कॉलेज चौकातला सिग्नल सुटला आणि मी नेहमीच्या सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला. आईशप्पथ! शेजारची बाइक आरशात गेली. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण ताकद पहिल्या क्षणापासून देते. पेट्रोल इंजिनासारखं तिला आधी फिरून फिरून जोर जमवावा लागत नाही. चोवीस युनिटच्या मोठ्या बॅटरीची टियागो शून्यावरून ६० चा वेग ५.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. शहरात आपण साठच्या वर जातोच कुठे? म्हणजे जिथे पिकअप लागतो, तिथेच तो मिळतो.

दुसरी गंमत पाय काढल्यावर. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपणहून मंदावते. त्या वेळी मोटर उलटं काम करते, चाकांचा वेग खाऊन वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत टाकते. याला 'रिजन' म्हणतात आणि तो कमी-जास्त करता येतो. पहिल्या दोन चौकांत मी सेल्समनला चांगलेच गचके दिले. रविनगरपर्यंत पाय सरावला आणि फुटाळ्याला पोचेपर्यंत ब्रेकची गरजच फारशी पडेना. सेमिनरी हिल्सचा चढ तिनं असा घेतला, की चढ आहे हे फक्त समोरच्या सायकलवाल्याकडे पाहून कळलं. उतरताना बॅटरीचा आकडा जागचा हलला नाही. उतारावर पेट्रोल परत टाकीत येतं, अशी कल्पना करून बघा!

एक तक्रारही नोंदवते, पण ती गाडीपेक्षा आपल्या रस्त्याबद्दल जास्त आहे. आवाज नसल्यामुळे समोरचा बाजूलाच होत नाही. गाय नाही, रिक्षा नाही, कानात हेडफोन घातलेलं कॉलेजचं पब्लिक तर नाहीच नाही. गल्लीबोळात जास्त जपून चालवावी लागते.

आणि मग सेल्समननं हुकमाचा एक्का काढला. मोबाइलवर ॲप उघडलं आणि सांगितलं, की टॉप मॉडेलमध्ये गाडीत बसण्याआधीच लांबून एसी सुरू करता येतो. नागपूरकर मंडळी, जरा विचार करा. दुपारी तीन वाजता उन्हात तापलेल्या गाडीचं स्टिअरिंग रुमालानं धरणारे आपण. ऑफिसमधून निघताना लिफ्टमध्येच बटण दाबायचं आणि थंडगार गाडीत बसायचं. मी त्याच क्षणी मनातल्या मनात बुकिंग करून टाकलं होतं.

बाबांची टेस्ट

पण माझी एक वेगळी भानगड आहे. आईबाबा वर्ध्याला असतात. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता आईचा फोन आला, बाबांच्या छातीत दुखतंय म्हणून. तेव्हा एका मित्राला झोपेतून उठवून त्याच्या गाडीनं गेले होते. बाबा आता ठणठणीत आहेत. पण तो पाऊण तास मी विसरलेले नाही, जो मित्राची गाडी दारात येण्याची वाट बघण्यात गेला. गाडी घ्यायचं खरं कारण ते आहे. ऊन हे सांगायचं कारण.

म्हणजे माझ्यासाठी प्रश्न एकच होता. ही गाडी मला रात्री दोन वाजता वर्ध्याला नेईल का?

शोरूमच्या वीस मिनिटांत याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. मनीषनगरात राहणारी, मिहानमधल्या आयटी कंपनीत काम करणारी माझी एक कॉलेजची मैत्रीण हीच गाडी दोन वर्षांपासून चालवतेय. तिच्याकडून रविवारपुरती मागून घेतली. सकाळी सात वाजता, बॅटरी १०० टक्के. बुटीबोरीपर्यंत वर्धा रोड, तिथून उजवीकडे केळझर, सेलू, पवनार. एसी चालू, काटा सत्तर-ऐंशीच्या मध्ये. पंचाहत्तर किलोमीटरनंतर घराच्या फाटकात आकडा होता ६१ टक्के.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. गाडीचा आजार ते कानानं ओळखतात. फाटक उघडून बाहेर आले आणि कान टवकारून उभे राहिले.

"बंद पडली का वं?"

"चालू आहे बाबा."

"आवाज तं येऊन नाही राह्यला."

मग बॉनेट उघडायला लावलं. पाच मिनिटं आत पाहत राहिले आणि एकेक प्रश्न सुरू झाले. इंजिन ऑइल? नाही. क्लच प्लेट? नाही. स्पार्क प्लग? नाही. सायलेन्सर? तोही नाही. कूलंट आणि ब्रेक ऑइल आहे म्हटल्यावर चेहरा जरा उजळला. शेवटी म्हणाले, "मंग मेकॅनिकनं खावं काय?"

एक चक्कर मारून आणली. पवनारच्या पुलापर्यंत गप्प होते. परत येताना म्हणाले, "गाडी चांगली आहे." माझ्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही नव्या वस्तूला हे सर्टिफिकेट दिलेलं मला आठवत नाही! पण पुढचं वाक्य लगेच आलं, "पण मी रातच्याला फोन केला अन् तुह्या गाडीत तीस टक्केच असली, तं तू काय ढकलत येशीन?"

हसून सोडून दिलं. पण नागपूरला परतताना डोक्यात हाच हिशेब. माझ्या चालवण्यात पूर्ण चार्जवर १९० ते २०० किलोमीटर निघत होते. कागदावरचा आकडा याहून मोठा असतो, पण तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. पेट्रोल गाडीच्या जाहिरातीतला ॲव्हरेज आपल्याला कधी मिळालाय? पण या हिशेबानं ३० टक्के म्हणजे साठेक किलोमीटर. वर्धा पंचाहत्तर. म्हणजे पंधरा किलोमीटर कमी पडतात. रात्री दोन वाजता पंधरा किलोमीटर फार असतात.

येताना हायवेवरच्या एका चार्जरवर मुद्दाम थांबले. दोनपैकी एक गन बंद होती. दुसरीसमोर एक पेट्रोलची एसयूव्ही आरामात उभी, आणि मालक चहा प्यायला गेलेले. दिवसाढवळ्या ही कथा.

मैत्रिणीच्या घरी पोचले तेव्हा २२ टक्के उरले होते. तिनं पोर्चमध्ये गाडी लावली, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये प्लग खुपसला आणि विषय संपवला. "तू तीस टक्क्यांना इतकी काय घाबरतेस?" तिनं विचारलं. "माझी रोज रात्री लागलेली असते. सकाळी उठते तेव्हा फुल." तिच्या मोबाइलसारखंच. तिला रेंजचं टेन्शन माहीतच नाही.

मी मात्र तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. माझ्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही.

नागपूरनं हा सिनेमा आधी पाहिलाय

तेव्हा मला आठवलं, की हे सगळं आपल्या शहरात एकदा होऊन गेलंय. २६ मे २०१७ ला नागपूर विमानतळावर मोठा समारंभ झाला होता. नितीन गडकरी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या. प्रकल्पात एकूण २०० गाड्या. महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस कार, सोबत ई-रिक्षा. देशातला असा पहिलाच मोठा प्रयोग म्हणून आपली कॉलर टाइट! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या नागपुरातल्या पेट्रोल पंपावर देशातलं पंपावरचं पहिलं चार्जिंग स्टेशनही सुरू झालं.

मी तेव्हा मास कॉमच्या वर्गात होते. आम्ही मुद्दाम पैसे काढून त्या टॅक्सीत बसलो होतो, अगदी गरज नसताना.

पुढच्याच वर्षी बातम्या यायला लागल्या. चालक चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहतायत, खर्च परवडत नाही, काहींनी गाड्या परत करून पुन्हा डिझेलची वाट धरलीय. टॅक्सीवाल्याचं गणित सरळ असतं. गाडी उभी, तर कमाई उभी. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या अंगणात रात्री लावायला प्लग असता, तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती. गाड्या तेव्हाही धावत होत्या. अडत होतं ते गाडी उभी असताना!

तेव्हापासून गाड्या खूप बदलल्या. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली. सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीत आली आणि आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांनीही वळून पाहायला सुरुवात केली. रस्त्यावर हिरव्या नंबर प्लेट दिसायला लागल्या. २०२५ च्या राज्य धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी मिळाली. सगळं एकदम झकास. पण रात्री गाडी कुठे लावायची, हा २०१७ चा प्रश्न माझ्या तिसऱ्या मजल्यावर तसाच उभा आहे.

कुणाच्या मीटरवर?

तर मी घरमालकीण काकूंकडे गेले. स्वभाव प्रेमळ, पण पहिला प्रश्न कडक, "वीज कुणाच्या मीटरवर जाईल?" योग्यच होता. मी म्हटलं, माझ्या. सबमीटर लावू, रीडिंग तुम्ही घ्या. दुसरा प्रश्न, "आग-बिग नाही ना लागणार?" यावर मी भाषण न देता इलेक्ट्रिशियन बोलावला.

त्यानं जे सांगितलं, ते कुठल्याही ब्रोशरमध्ये ठळक अक्षरांत छापायला हवं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ही गाडी साधारण तीन किलोवॅट खेचते. म्हणजे जवळपास दोन एसी, एकाच तारेवर, आठ-नऊ तास न थांबता. आमच्या पार्किंगमधली वायर दिव्यांपुरती होती, आणि अर्थिंग नावापुरतं. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, मगच सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग अजिबात नाही. "ताई, गाडीले काही होत नाही. जळते तं बोर्ड जळते," तो म्हणाला.

तिसरा नंबर सोसायटीचा. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, "आज तुम्ही एक, उद्या दहा जण येतील." खरंय. उद्या दहा येणारच आहेत! केंद्र सरकारच्या नियमावलीत आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. त्याची प्रिंट मी नेऊन दिली. पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा चहा पिऊन बोलणं बरं, हे मी फ्रीलान्सिंगमध्ये शिकलेय. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये विषय ठेवलाय.

खिशाचं काय?

आता तुमच्या मनातला प्रश्न. फायदा किती? माझा हिशेब असा. पूर्ण चार्जला, वाया जाणारी धरून, साधारण २७ युनिट. युनिटला १० रुपये धरा, झाले २७०. त्यात १९० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. पेट्रोल १०५ रुपये आणि शहरात ॲव्हरेज १५ धरला, तर किलोमीटरला ७ रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवलंत, तर साडेपाच हजारांच्या आसपास वाचतात. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ही जितकी महाग पडते, त्या रकमेला या साडेपाच हजारांनी भागा. तितक्या महिन्यांनी फरक वसूल. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्यानं मात्र हा भागाकार दोनदा करावा.

आणि हे सगळं घरच्या विजेचं गणित. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर बराच जास्त असतो. कायम तिथेच भरायची असेल, तर बचतीतला मोठा भाग तिथेच जातो, वर तासभर वेळ. म्हणजे प्लगचा प्रश्न फक्त सोयीचा नाही, पैशांचाही आहे.

धुराबद्दलही खरं बोलू या. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. माझ्या गाडीचा धूर रामदासपेठेतून हटला, तरी थोडा कोराडीच्या चिमणीतून निघणारच. मोटर उर्जेचा वापर इंजिनापेक्षा कितीतरी चांगला करते, त्यामुळे हिशेब तरीही इलेक्ट्रिकच्या बाजूनं झुकतो. पण 'झीरो पोल्यूशन'चा बिल्ला लावून मिरवायचं काही कारण नाही.

टेस्ट ड्राइव्हला जाताय? मग एवढं करा!

• दुपारीच जा. एसी फुल ठेवून चालवा. सकाळच्या गार हवेतला बॅटरीचा आकडा सगळ्यांनाच गोड दिसतो.

• निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर लिहून घ्या. स्क्रीनवर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरपेक्षा हा भागाकार जास्त खरा.

• रिजन कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही करून पाहा. मागच्या सीटवर आईला बसवा. तिला मळमळलं, तर लेव्हल कमी!

• चढ, उतार आणि खड्डा, तिन्ही असलेला रस्ता निवडा. नागपुरात शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

• बॅटरीची वॉरंटी लेखी वाचा. किती वर्षं, किती किलोमीटर, आणि क्षमता कितीपर्यंत घसरली तर बदलून देणार.

• आणि सगळ्यात आधी, शोरूमला जाण्यापूर्वी, इलेक्ट्रिशियनला तुमच्या पार्किंगमध्ये उभं करा. आधी टेस्ट प्लगची, मग गाडीची.

तर मग बुक केली का?

अजून नाही. शोरूममधून दर दोन दिवसांनी फोन येतो. ऑफर संपतेय, रंग संपतोय, वगैरे वगैरे. मी त्यांना रविवारनंतर सांगते म्हटलंय. सोसायटी हो म्हणाली, तर सोमवारी टोकन भरणार. नाही म्हणाली, तर सध्या पेट्रोल, कारण मला रात्री दोनच्या फोनला उत्तर द्यायचंय. यात लाज कसली? माझ्या मैत्रिणीची टियागो आणि माझी टियागो हुबेहूब सारखी असेल. पण तिच्या पोर्चमध्ये ती दोनशे किलोमीटरची गाडी आहे, आणि माझ्या प्लग नसलेल्या पार्किंगमध्ये तिचा काही नेम नाही.

हा लेख लिहीत असतानाच बाबांचा फोन आला. हल्ली फोन वाजला, की आधी पोटात गोळाच येतो.

"झाली का तुह्या सोसायटीची मीटिंग?"

"रविवारी आहे बाबा. काऊन?"

"काही नाही. इकडं पोर्चमध्ये सॉकेट बसवून घेतलं मी. पंधरा अँपिअरचं. अर्थिंगही नवं केलं." मग थोडं थांबून, "इकडचं झालं. आता तुह्या तिकडचं पाह्य."